डिझेल गाडीचा भाव कोण ठरवतो?

धागा

१/ घरची डिझेल गाडी काढून दुसरी घ्यायची, हा विषय सध्या अनेक मध्यमवर्गीय घरांत चालू आहे. नवी कोणती घ्यावी याहून अधिक चर्चा होते ती ‘जुनीचे काय येणार?’ याची. आठ-दहा वर्षांपूर्वी सेकंडहँड बाजारात डिझेल गाडीला हातोहात गिऱ्हाईक मिळे. आज दलाल आधी इंधन विचारतो आणि मग भाव पाडतो. या पालटाचा इतिहास मोटार कारखान्यांपेक्षा सरकारी निर्णयांत अधिक सापडतो.

२/ भारतात दीर्घकाळ इंधनाचे दर सरकार ठरवी. डिझेल हे मालमोटारी, एसटी, ट्रॅक्टर आणि शेतीपंपांचे इंधन, म्हणून ते स्वस्त ठेवले गेले. पेट्रोल मोटारवाल्यांचे, म्हणजे चैनीचे, म्हणून महाग. ही विभागणी झाली तेव्हा डिझेलवर चालणारी घरगुती मोटार जवळजवळ नव्हतीच.

३/ १९८० च्या सुमारास डिझेल ॲम्बेसेडर आली. पण तिचा धडधडाट टॅक्सीचालकांनीच काय तो सहन केला. खरा बदल पिंपरीतून झाला. ३० डिसेंबर १९९८ रोजी बाजारात आलेल्या टाटा इंडिकात १.४ लिटरचे डिझेल इंजिन होते, आणि शेतीसाठी स्वस्त ठेवलेले इंधन प्रथमच छोट्या कौटुंबिक गाडीच्या टाकीत मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले. २००७ मध्ये फियाटचे १.३ लिटरचे इंजिन घेऊन डिझेल स्विफ्ट आली. हेच इंजिन पुण्याजवळ रांजणगावलाही तयार होई आणि इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसे, की मोटारशौकीन त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत.

४/ जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलचे दर मुक्त केले. डिझेलचे मात्र हाती ठेवले. दरी रुंदावत गेली. मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल लिटरला सुमारे ७३ रुपये होते आणि डिझेल सुमारे ४१.

५/ आता त्या वेळच्या ग्राहकाचे गणित मांडून पाहू. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणे धरा. पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर देते, डिझेल २०. म्हणजे ८०० लिटर पेट्रोलचे ५८,४०० रुपये आणि ६०० लिटर डिझेलचे २४,६००. वर्षाची बचत ३३,८०० रुपये. डिझेल गाडी लाखभर रुपयांनी महाग असली, तरी तीन वर्षांत वसूल!

पण ही बचत फोडून पाहा. डिझेलही ७३ रुपयांनीच मिळाले असते, तर केवळ इंजिनाच्या काटकसरीने १४,६०० रुपये वाचले असते. उरलेले १९,२०० रुपये सरकारी दराने वाचवले. अर्ध्याहून अधिक बचत इंजिनाची नव्हतीच. पुढे सेकंडहँड भाव का कोसळला, याचे निम्मे उत्तर मला या आकड्यात दिसते.

६/ हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. फेब्रुवारी २०१० मध्येच किरीट पारीख समितीने दोन्ही इंधने मुक्त करावीत आणि डिझेल मोटारींवर ८०,००० रुपयांचे जादा उत्पादन शुल्क लावावे, असे सुचवले होते. ते शुल्क आले नाही. पुढे दोन-तीन वर्षे विकल्या जाणाऱ्या मोटारींत निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. ग्राहकाला यासाठी हावरट ठरवणे मला अन्यायाचे वाटते. समोर असलेल्या दरपत्रकावरून त्याने हिशेब केला, इतकेच.

७/ जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा सुमारे ५० पैशांनी वाढू लागले आणि कच्चे तेल उतरताच ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मुक्त झाले.

८/ दुसरा घाव दिल्लीच्या धुरातून आला. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने राजधानी परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना मनाई केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. मधल्या काळात, डिसेंबर २०१५ ते ऑगस्ट २०१६, तेथे २००० सीसी व त्यावरील डिझेल गाड्यांची नोंदणीच बंद होती. पंधरा वर्षांचा रोड टॅक्स भरलेल्या मालकाला दहाव्या वर्षी ना-हरकत दाखला घेऊन परराज्यात गिऱ्हाईक शोधावे लागले. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधन नाकारण्याचा प्रयोग झाला आणि काही दिवसांतच थांबला.

९/ एक गैरसमज येथेच दूर करतो. दहा वर्षांचा हा नियम राजधानी परिसराचा आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व तपासणीनंतर तिचे नूतनीकरण होते. तरीही ‘डिझेल दहा वर्षांनी भंगारात’ हे वाक्य नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत सर्वत्र ऐकू येते. कायदा दिल्लीत राहिला, भीती मात्र देशभर पोहोचली. आणि बाजारभाव भीतीवरही ठरतो.

१०/ १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके आली. छोट्या डिझेल इंजिनाला ती परवडेनात. मारुतीने डिझेल सोडले आणि ‘राष्ट्रीय इंजिन’ही संपले. नव्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळून साफ व्हायला लांबचा, सलग प्रवास लागतो. रोज पाच किलोमीटरवर शाळा आणि भाजी मंडई एवढेच ज्या गाडीचे जग, तिची जाळी तुंबते.

११/ आमच्या घरी २०१३ ची डिझेल हॅचबॅक आहे. बाबांचा कल पुन्हा डिझेलकडेच, कारण घाटात ती ‘ओढते’. आमची गाडी वर्षाला जेमतेम ८,००० किलोमीटर धावते. एवढ्या वापराला पेट्रोल किंवा सीएनजी बरे, असे माझे मत. महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर महामार्गावर जाणाऱ्याने मात्र डिझेल अवश्य घ्यावे, फक्त पुनर्विक्रीचा भाव हिशेबात धरू नये.

१२/ ‘मग सीएनजी निर्धास्त घ्यावी का?’ असे कोणी विचारील. शहरांना मिळणाऱ्या स्वस्त देशी वायूचा वाटाही सरकारच ठरवते आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यात कपात झाली. पुढचा धागा त्याच वाटपावर.