त्सावोच्या काठावरचे तंबू

‘सफारी’ म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक सफारी ड्रेस, जो सत्तर-ऐंशीच्या दशकात झेडपीच्या साहेबांपासून कारखान्याच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांच्या अंगावर असे. दुसरी म्हणजे आफ्रिकेतली उघड्या टपाची जीप आणि समोर आळसावलेला सिंह. शब्द मात्र आपल्या घरातला आहे. मूळ अरबी ‘सफर’. तो फारसी-उर्दूतून मराठीत आला, आणि अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरून स्वाहिलीत ‘सफारी’ झाला. स्वाहिलीत त्याचा अर्थ अजूनही साधा प्रवास एवढाच आहे. मोम्बासाहून मावशीकडे निघालेला माणूसही सफारीलाच निघालेला असतो.

केनियात मोम्बासा-नैरोबी रस्त्यावर, मोम्बासापासून सुमारे २०० किलोमीटरवर, त्सावो नावाची नदी आडवी येते. पुढे ती अथी नदीला मिळते आणि तिथून तिचं नाव गलाना होतं. या नद्यांच्या काठी आज महागडे लॉज आहेत. लॉज म्हणजे बहुतेक ठिकाणी तंबूच, पण खाली लाकडी फरशी, आत मोठा पलंग, पांढरीशुभ्र मच्छरदाणी, गरम पाण्याचं न्हाणीघर. पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलं की समोर पाणघोडे, मगरी आणि लाल मातीत लोळून लाल झालेले हत्ती. एका रात्रीचा दर डॉलरमध्ये सांगतात. दारात ‘करिबू’ म्हणून स्वागत होतं. तो अरबीतला ‘करीब’, म्हणजे जवळ या. ‘हबारी’ विचारतात, ती आपली खबर. रात्री जेवून तंबूकडे परतताना हातात बॅटरी घेऊन सोबत येतो तो ‘अस्कारी’, म्हणजे अस्कर, शिपाई. आणि सकाळी ज्यात बसून सिंह बघायला जायचं ती ‘गारी’. ही तर आपली गाडीच. हा शब्द अरबांनी नेलेला नाही, हिंदुस्थानातल्या माणसांनी नेला.

इथे एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण आपल्यातले काही जण अरबी शब्द दिसला की लगेच खूश होतात. किनाऱ्यावरून आत जाणारे जुने तांडे, म्हणजे मूळ सफाऱ्या, हस्तिदंत आणायला जायच्या आणि माणसंही आणायच्या. आफ्रिकी माणसांना गुलाम करून झांझिबारच्या बाजारात विकलं जायचं. ते विकणाऱ्यांत आणि विकत घेणाऱ्यांत मुसलमान होते, आणि त्या व्यापाराला भांडवल पुरवणाऱ्यांत हिंदुस्थानी सावकारही होते. झांझिबारच्या सुलतानाने १८७३ मध्ये तो बाजार बंद केला, तोही इंग्रजांच्या आरमाराच्या दबावाखाली. सफर हा शब्द सुंदर आहे, पण त्या वाटेवर साखळ्याही होत्या.

नंतर इंग्रजांनी त्याच दिशेने रेल्वे टाकायला घेतली. १८९६ मध्ये मोम्बासाला काम सुरू झालं आणि १९०१ मध्ये रूळ व्हिक्टोरिया सरोवराला भिडले. लांबी जवळजवळ ९३० किलोमीटर. मजूर हिंदुस्थानातून आणले, सुमारे ३२,००० माणसं. बहुतेक पंजाबातली, त्यात मुसलमान मोठ्या संख्येने, शीख आणि हिंदूही. ती कराचीहून आगबोटीत बसत. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. मजूर पुरवण्याच्या कंत्राटात कराचीचे बोहरी व्यापारी अलीभाई मुल्ला जीवनजी पुढे होते. नैरोबीतली जीवनजी बाग त्यांचीच. कचेऱ्यांत कारकून म्हणून गोव्याची माणसं होती. पगार रुपयांत मिळे, कारण १९२० पर्यंत त्या मुलखाचं चलन आपला रुपयाच होता.

मार्च १८९८ मध्ये जॉन पॅटरसन हा लष्करी इंजिनियर त्सावो नदीवर पूल बांधायला आला. नदीकाठी मजुरांचे तंबू होते, मैलोन्‌मैल पसरलेले. साधे कापडी तंबू, भोवती काटेरी झुडपांचं कुंपण, ज्याला तिथे ‘बोमा’ म्हणतात. पॅटरसनच्याच पुस्तकात मजुरी दिली आहे: पाथरवटाला महिना ४५ रुपये, साध्या मजुराला १२. याच तंबूंतून दोन आयाळ नसलेल्या सिंहांनी माणसं ओढून न्यायला सुरुवात केली. काटेरी कुंपण त्यांना अडवू शकलं नाही. मजुरांनी मग झोपायच्या जागा बदलल्या. कोणी पाण्याच्या टाकीवर झोपू लागलं, कोणी छपरावर, कोणी तुळयांवर. काहींनी तंबूच्या आत खड्डा खणला आणि वरून ओंडके अंथरून त्यात रात्र काढली. झाडांच्या फांद्यांना खाटा बांधल्या, इतक्या की एका रात्री झाडच कोसळलं.

पुढची गोष्ट मला सिंहांपेक्षा महत्त्वाची वाटते. १ डिसेंबर १८९८ रोजी शेकडो मजूर पॅटरसनकडे गेले आणि म्हणाले की आम्ही सरकारच्या कामाला आलोय, सिंहांचं खाद्य व्हायला नाही. मग पहिली गाडी आली तेव्हा ते इंजिनासमोर रुळांवर आडवे झाले, गाडी थांबवली, बोचकी डब्यात टाकली आणि निघून गेले. सुमारे तीन आठवडे काम बंद राहिलं. इंग्रजी पुस्तकांत याचं वर्णन घाबरून पळालेले कुली असं येतं. करार तीन वर्षांचा, मुलूख परका, साहेबाच्या हातात बंदूक; अशा वेळी रुळांवर आडवं होऊन गाडी थांबवणं याला मी तरी संपच म्हणेन. १९९६ मध्ये यावर हॉलिवूडचा ‘द घोस्ट अँड द डार्कनेस’ आला. त्यात मजुरांचा पुढारी अब्दुल्ला ओम पुरीने केला आहे. ओम पुरी चांगलाच आहे, पण सिनेमा अब्दुल्लाचा नाही, बंदुकीचा आहे.

पॅटरसनने ९ डिसेंबरला पहिला सिंह मारला, २९ डिसेंबरला दुसरा. कातडी वीस-पंचवीस वर्षं त्याच्या घरात गालिचा म्हणून पडून होती. नंतर शिकागोच्या फील्ड म्युझियमने ती ५,००० डॉलरला विकत घेतली आणि पेंढा भरून काचेत उभी केली. आजही लोक रांगेने बघतात.

सिंहांनी किती माणसं खाल्ली? पॅटरसनने १९०७ च्या पुस्तकात २८ हिंदुस्थानी मजूर सांगितले. पुढे तोच १३५ म्हणू लागला. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या सिंहांची हाडं आणि केस तपासून सुमारे ३५ चा अंदाज दिला. आफ्रिकी माणसं किती गेली? त्यांची सरकारी नोंदच ठेवली नव्हती, असं खुद्द पॅटरसन लिहितो. आपल्या २८ माणसांचा निदान आकडा तरी आहे.

आणि पूर्ण रेल्वेच्या कामात मेलेल्या हिंदुस्थानी मजुरांची नोंद आहे २,४९३. त्यातून सिंहांचे २८ वजा केले तर २,४६५ उरतात. ते हिवतापाने गेले, हगवणीने गेले, चिघळलेल्या जखमांनी गेले, रूळ आणि दगडांखाली सापडून गेले. त्यांच्यावर सिनेमा निघाला नाही. हगवणीत पाहण्यासारखं काय असतं?

रेल्वे झाली आणि सफारीचा अर्थ फिरला. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मोम्बासाला उतरले, इंजिनाच्या पुढच्या बाजूला बाक बसवून त्यावर बसले आणि जनावरं पाहत नैरोबीकडे गेले. त्या दौऱ्यात त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून ५१२ जनावरं मारली. मग श्रीमंत शिकाऱ्यांची रीघ लागली. तंबू, हमाल, स्वयंपाकी, कुंपणाशी पेटवलेली शेकोटी, सगळा थाट जुन्या तांड्यांचाच, फक्त आता पैसे मोजून हौसेने केलेला. १९४८ मध्ये त्सावो राष्ट्रीय उद्यान झालं, १९७७ मध्ये केनियाने शिकारीवर बंदी घातली. बंदूक गेली, कॅमेरा आला. तंबू राहिला आणि दरवर्षी महाग होत गेला. आज पाहुण्याला जी रात्र हवी असते, नदीकाठी, कापडी भिंतीपलीकडे सिंहाची डरकाळी ऐकत काढलेली, तीच रात्र १८९८ मध्ये बारा रुपये महिन्यावर लोकांनी काढली होती आणि तिच्यापासून सुटण्यासाठी रुळांवर झोपले होते.

त्सावोच्या अलीकडे, मॅकिनन रोड स्टेशनजवळ, रुळांच्या शेजारी एक मशीद आणि दर्गा आहे. सय्यद बघाली शाह यांचा. ते रेल्वेच्या कामावरचे पंजाबी होते असं सांगतात. त्यांच्या डोक्यावर घमेलं टेकत नसे, चार बोटं वर तरंगत असे, अशी आख्यायिका आहे. मोम्बासाहून निघालेले ट्रकवाले आणि प्रवासी आजही तिथे थांबतात, फातिहा देतात, पुढे जातात. करामतीवर कोणी विश्वास ठेवावा, न ठेवावा. पण दिवसभर खडी वाहणाऱ्या माणसांनी आपल्या पिराची कोणती करामत सांगितली ते बघा. समुद्र दुभंगला नाही, मेलेला उठला नाही. फक्त घमेल्याचं ओझं डोक्यावर आलं नाही.

आणखी एक माणूस नावानिशी उरला आहे. सिंह मेल्यावर मजुरांनी पॅटरसनला चांदीचं भांडं भेट दिलं, आणि रोशन नावाच्या मिस्त्रीने त्याच्यावर हिंदुस्थानीत एक लांबलचक कविता रचली. पॅटरसनने तिचं इंग्रजी भाषांतर पुस्तकाच्या शेवटी छापलं आहे. कविता स्तुतीची आहे, त्यात साहेबाची तुलना रुस्तुम आणि सोहराबशी आहे. म्हणजे या माणसाच्या कानावर शाहनाम्याच्या गोष्टी होत्या. लोक ती कविता साहेबाच्या पराक्रमासाठी वाचतात. मी शेवटच्या भागापाशी थांबतो. तिथे रोशन मिस्त्रीने स्वतःचा पत्ता घातला आहे: वडिलांचं नाव, गाव, ठाणं, जिल्हा झेलम.