मुकादमाची वही

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. गेल्या ईदला घरी आला तेव्हा मी विचारले, "बेटा, नेमके काम काय करतोस?" तो म्हणाला, "मामू, माणसं शोधतो. कंपनी सांगते असा असा माणूस पाहिजे. मी तो शोधायचा, बोलायचं, पटवायचं, आणून उभा करायचा." या धंद्याला रिक्रूटमेंट म्हणतात. त्यात पगार आहे, बढती आहे. माझी बहीण कौतुकाने म्हणाली, "आपल्या खानदानात असं काम कुणी केलं नव्हतं."

मी उठलो, कपाटातून एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली आणि भाच्यापुढे ठेवली. ती त्याच्या नानांची, म्हणजे माझ्या अब्बांची होती. अब्बा ऊसतोडीचे मुकादम होते.

माणसे जमवण्याचा धंदा आमच्या हिंगोलीला नवा नाही. गावात फिरून पाहा. पलटन, रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा अशी मोहल्ल्यांची नावे आजही आहेत. एकोणिसाव्या शतकात इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. या फौजेच्या खर्चासाठी १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला, आणि १९०३ मध्ये ही फौज इंग्रजांच्या हिंदी लष्करात मिसळली. छावणी गेली, नावे राहिली. त्या काळच्या फौजांत नवा शिपाई बहुधा जुन्या शिपायाच्या ओळखीने येई. रजेवर गावी गेलेला जवान परत येताना भाऊबंद घेऊन येई आणि आणलेल्या माणसाची हमी त्याच्यावरच असे. पोरगा पळाला, तर नाक आणणाऱ्याचे कापले जाई.

मुकादम हा शब्दही जुना. अरबीतला मुकद्दम म्हणजे पुढे असणारा. जुन्या मराठी कागदपत्रांत गावच्या पाटलालाही मोकदम म्हटलेले आढळते. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी डावर यांनी पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढे गिरण्या वाढल्या आणि या पुढच्या माणसाला नवे नाव मिळाले, जॉबर. गावाकडची माणसे तोच आणी, कामावर तोच लावी आणि काढीही तोच. अडीनडीला पैसे देई, खोली बघून देई आणि त्याची दस्तुरीही घेई. १९३१ साली कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनने या प्रथेवर कडक टीका केली आणि भरतीचे काम जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावे, असे सुचवले. १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले. आज आपण त्याला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो. तिथे शिकलेली माणसे पुढे कारखान्यांत कामगार अधिकारी झाली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर नेमणे सक्तीचे केले. माझ्या भाच्याच्या धंद्याची एक वंशावळ ही अशी आहे.

दुसरी शाखा मात्र आमच्या अंगणातून गेली.

अब्बांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत, उर्दूतून, चौथीपर्यंत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याची कामे निघाली, तेव्हा हजेरी मांडता येते म्हणून त्यांना मुकादम केले. मी तेव्हा दोन वर्षांचा. दुष्काळ सरला, पण अब्बांना माणसे ओळखू लागली होती. कुणाच्या घरात किती हात, कुणाची ज्वारी किती दिवस पुरेल, हे त्यांना तोंडपाठ. एवढे भांडवल मुकादमाला पुरते.

इकडे पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने वाढत होते. १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला आणि त्यामागे रांग लागली. ऊस तोडायला हात हवेत, पण ते पाच-सहा महिन्यांपुरतेच. आमच्याकडे खरिपाचे पीक निघाले की कोरडवाहू रानात काम नसते. या दोन गरजांमध्ये मुकादम उभा राहिला. तो पावसाळ्यात कारखान्याच्या वाहतूकदाराकडून रक्कम घेई आणि वाड्यातांड्यांवर वाटी. तिला उचल म्हणतात. दसरा-दिवाळीला ट्रक येई, टोळी निघे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मजुरीवर मुकादमाला कमिशन. कामाला दांडी पडली तर खाडा, म्हणजे दंड. हंगामाअखेर हिशेब होई. उचल फिटली नाही तर बाकी अंगावर आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा तोच ट्रक.

एक गोष्ट लक्षात घ्या. कारखान्याच्या हिशेबात टोळी असे, माणूस नसे. कोण तोडतो, त्याचे नाव काय, हे फक्त मुकादमाच्या वहीत.

आमच्या वहीत ती नावे माझ्या अक्षरात आहेत. अब्बांना मराठी लिहिता येत नव्हते आणि पलीकडचा हिशेब मराठीत लागे. माझे अक्षर चांगले. पाचवीत असल्यापासून ते सांगत, मी लिहीत असे. नाव, गाव, कोयता, रक्कम असे चार रकाने.

१९८१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाचे वडील आदल्या हंगामात फडातच आजारी पडले आणि घरी येऊन वारले. उचल अंगावर होती. अब्बा त्यांच्या घरी जाऊन आले. रात्री कंदिलाजवळ बसून म्हणाले, "लिही. आधी आईचं नाव, खाली पोराचं. एक कोयता पुरा झाला." मी लिहिले. ळ चांगला वळणदार काढला, हेही आठवते. दसऱ्यानंतर बाकावर मी एकटाच होतो. पाडव्याला तो परत आला, पण शाळेत आला नाही.

अब्बा वाईट नव्हते. रात्री-अपरात्री टोळीतल्या बाईला दवाखान्यात नेत, परमुलखात कुणी वारले तर माती गावी आणत. ती रक्कमही त्यांनी स्वतःच्या नावावर उचलली होती. सोडून दिली असती तर आमचे घर गेले असते, असे ते म्हणत. ते खरे होते. घेतलेल्या पैशापोटी माणसाला कामाला जखडणे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवले होते, हेही तितकेच खरे. ते मला कॉलेजात गेल्यावर कळले. त्या कॉलेजची फी कमिशनातूनच भरलेली होती.

बी. ए. झालो आणि मीही माणसे शोधणाऱ्यांच्या दारात उभा राहिलो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती, वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला. मीटरगेजच्या गाडीने पूर्णेला, तिथून परभणीला जाऊन सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवले. ही कार्यालये १९४५ मध्ये निघाली ती युद्धावरून परतलेल्या सैनिकांना काम मिळावे म्हणून. १९४८ पासून ती सर्वांना खुली झाली. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना आणि मोठ्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा कळवणे बंधनकारक केले. कार्डावर माझे नाव, वर्ग, नंबर. कुणाची ओळख नको, कुणाची उचल नको. मला ते कार्ड फार आवडले होते. कॉल मात्र आला नाही. त्यात कचेरीचा दोष नव्हता, जागा थोड्या आणि नावे फार होती. शेवटी हिशेब लिहिण्याचे काम मिळाले ते अब्बांच्याच ओळखीने.

भाच्याने वही शेवटपर्यंत चाळली. मी विचारले, "तुमच्याकडे उचल असते का?" तो हसला. म्हणाला, "जॉइन होताना बोनस देतात. वर्षाच्या आत सोडलं तर परत भरायचा." मग थोडे थांबून म्हणाला, "पण मामू, तो माणूस सोडून जाऊ शकतो." बरोबर आहे. फरक तेवढाच आहे आणि तो लहान नाही.

मी पुढे विचारले, "ज्यांना घेत नाही, त्यांना कळवता का?" तो म्हणाला, "वेळ नसतो." अब्बा तर नाही म्हणायलाही दारात जात. त्यांच्या वहीत माणूस अडकत होता हे खरे, पण अनोळखी नव्हता. भाच्याच्या यादीत तो मोकळा आहे, पण कुणाचाच नाही. माणसे शोधण्याचे काम करू पाहणाऱ्या पोरांना मी एवढेच सांगेन की, नाव लिहिणाऱ्यावर त्या नावाची जबाबदारी येते. ती पैशाने बांधू नका आणि झटकूनही टाकू नका.

ऊसतोड आजही चालू आहे. उचल आता लाखाच्या घरात गेली आहे. कामगारांची ग्रामसेवकांमार्फत नोंद करून ओळखपत्र द्यायचे, असे सरकारने २०२१ मध्ये ठरवले. मुकादमाच्या वहीबाहेर त्यांचे नाव लिहिले जावे, ही गोष्ट छोटी नव्हे.

ईदच्या दुसऱ्या दिवशी माझा तो शाळासोबती शिरखुर्म्याला आला होता. हातावर कोयत्याचे जुने वण आहेत. त्याचा मुलगा आयटीआय झाला आहे, फिटर. जाताना म्हणाला, "तुझ्या भाच्याला सांग की. नाव लिहून घे पोराचं."

मी कागद घेतला. लिहिण्याआधी मुलाला फोन लावायला सांगितले आणि त्यालाच विचारले, "तुला जायचंय का?" तो हो म्हणाला. मग नाव लिहिले, गाव लिहिले, फोन नंबर लिहिला. चौथा रकाना काढला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)