कसर

आत्या वैशाखात गेली. तिचे पुस्तकांचे कपाट आम्ही उघडले ते थेट आश्विनात, म्हणजे साताऱ्याचा अख्खा पावसाळा त्या कपाटाने बंद दाराआड काढला. दार ओढल्याबरोबर आधी वास आला. मग खालच्या फळीवर दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे होते, त्यातल्या एकाच्या पाठीवरून काहीतरी चंदेरी सळसळत उतरले आणि फटीत नाहीसे झाले. "कसर लागलीय," मागे उभी असलेली चुलतबहीण म्हणाली, आणि त्याच दमात, "बंटूला मी बाहेरच्या खोलीत निजवते. त्याच्याही अंगात सकाळपासून कसर आहे."

तिच्या त्या 'ही'ने माझा उरलेला दिवस खाल्ला. पुस्तकाला लागते ती कसर, पोराच्या अंगात असते ती कसर आणि 'प्रयत्नांत कसर सोडली नाही' असे आपण म्हणतो ती कसर, या तिघी एकाच आईच्या लेकी, की नुसत्या नावाने सारख्या? तिन्ही स्त्रीलिंगी, तेव्हा लिंगावरून फोड होत नाही.

तिसरीचे कूळ सर्वांत स्वच्छ आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू. अरबीत क-स-र या धातूचा अर्थ मोडणे. कस्र म्हणजे मोड, तुकडा, आणि गणितात अपूर्णांक. बाराव्या शतकात अरबी गणित लॅटिनमध्ये उतरले तेव्हा भाषांतरकारांनी या कस्रसाठी 'मोडणे' याच अर्थाचा शब्द योजला, आणि शाळेत ज्याने आपल्याला रडवले तो फ्रॅक्शन तिथूनच आलेला दिसतो. अरबी व्याकरणात ऱ्हस्व इकाराच्या खुणेला कस्रा म्हणतात. एकवचनाचा साचाच मोडून जे अनेकवचन होते त्याचे नाव मुकस्सर, म्हणजे मोडलेले. उदाहरण दुसरे कोणते द्यावे? किताब एक, कुतुब अनेक. कुतुबखान्यातली कुतुब ही अशी मोडून अनेक झालेली पुस्तके आहेत.

हा कस्र फारसीच्या पाठीवर बसून दख्खनेत आला. मोडलेल्या तुकड्यावरून उणीव, कमतरता, हा अर्थप्रवास सरळ आहे. वाटेत उच्चार मात्र सैल झाला आणि कस्रचे कसर झाले. अकल, वखत, फिकीर या शब्दांचे झाले तेच. शेवटचे जोडाक्षर मराठी जिभेला पेलत नाही. गुजराती पेढ्यांवर हिशोबाच्या शेवटी उरलेले किरकोळ पैसे 'वटाव-कसर'मध्ये टाकतात. तिथे मूळचा 'तुकडा' अजून जिवंत आहे. मराठीत एक गंमत अशी की ही कसर आपण बहुधा नाकारण्यापुरतीच बोलावतो. कसर ठेवली नाही, कसर सोडली नाही, फार तर कसर भरून काढली. 'त्याने बरीच कसर ठेवली' असे सरळ होकारार्थी वाक्य शेवटचे कधी ऐकले, आठवून पाहा.

आता शेजारपाजार. कामात कसूर झाली, यातली कसूर तिची सख्खी बहीण वाटते, पण नाही. ती दुसऱ्या धातूची. तिचा क घशातून येणारा, स जाड, आणि मूळ अर्थ 'आखूड असणे, कमी पडणे'. देवनागरीने दोन्ही क एक केले, दोन्ही स एक केले आणि परक्या मुली जुळ्या दिसू लागल्या. कसरतीची तर आणखी मौज. ती अरबी कस्रतवरून आली, पण तिच्यातला स तिसराच, आणि अर्थ आहे विपुलता. एकच क्रिया पुन्हापुन्हा, भरपूर केली म्हणून ती व्यायाम झाली असावी. म्हणजे मुळात एकीच्या घरी तूट, दुसरीच्या घरी भरभराट. मराठी कानाला मात्र दोघींत एका 'त'चाच फरक.

आणि काटकसर. आत्याचे नाव निघाले की हा शब्द आमच्या घरात आपोआप निघतो. काट आपला, संस्कृत कृत् म्हणजे कापणे याच्या घराण्यातला, कसर पाहुणी. कापणे आणि मोडणे शेजारी बसले आणि एक सद्गुण तयार झाला. देशी शब्दाला परदेशी सोबतीण द्यायची ही मराठीची जुनी खोड दिसते. धनदौलत, कागदपत्र, थट्टामस्करी ही सगळी त्याच मांडवातली लग्ने. आत्या नवे पुस्तक क्वचित घेई. दिवाळी अंक पौषात रद्दीच्या भावाने आणायचे, चार-चारांचे गठ्ठे करायचे, घरीच शिवायचे, मैद्याची खळ शिजवून जुन्या साडीचा तुकडा पाठीला डकवायचा. पुठ्ठा हा शब्दही 'पृष्ठ'वरून आला असावा. प्राकृतात पाठीला पुट्ठ म्हणतात. म्हणजे पुस्तकाचे पानही पृष्ठ आणि आवरणही पृष्ठ. पुस्तकाला अंग कमी आणि पाठीच फार.

पण मूळ कोडे बाजूलाच राहिले: तो किडा. खवलेदार, बिनपंखी, डोक्याकडे रुंद आणि शेपटाकडे निमुळता, मागे तीन केसांसारखे धागे. बोटाने दाबला तर बोटावर चांदीची भुकटी उरते. रॉबर्ट हुकने 1665 साली 'मायक्रोग्राफिया'त सूक्ष्मदर्शकाखालचे त्याचे चित्र दिले, आणि तोही त्याच्या चंदेरी रंगाने भारावलेला दिसतो. शास्त्रीय नाव लेपिस्मा सॅकरिना. यातल्या सॅकरिनात साखर आहे, आणि ती आपल्याच शर्करेची दूरची नात. नाव योग्यच आहे, कारण या प्राण्याला कागदापेक्षा खळ प्यारी. तो भोके पाडत नाही, वरवर चरतो. आरपार गोल भोके पाडणारी अळी भुंगेऱ्याची, तिचे घराणे वेगळे. संस्कृतातला घुण तो हा दुसरा. त्याने लाकूड कोरता कोरता चुकून एखादे अक्षर उमटले तर तो घुणाक्षरन्याय. कसरीच्या नावावर असा एकही न्याय नाही. ती अक्षर काढत नाही, पुसते.

इथे मोहाची जागा येते. क्षर म्हणजे नाश पावणारे, अक्षर म्हणजे न पावणारे. अक्षर खाऊन त्याला क्षर करणारी ती कसर! व्युत्पत्ती इतकी देखणी जुळली की आधी संशय घ्यावा, हे मी जळलेल्या बोटांनी शिकलो आहे. 'क्ष'चे मराठीत श, स किंवा ख होते: क्षेत्राचे शेत, क्षणाचा सण, क्षीराची खीर. त्या वाटेने क्षरचे सर किंवा खर झाले असते; कसर व्हायला मध्ये अ घुसवावा लागतो. अशक्य नाही, पण ओढाताण आहे. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी कदाचित ती बिनदिक्कत केली असती. संस्कृत मूळ काढण्याची त्यांची हौस मोठी, आणि गावोगावचे माळे धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढणाऱ्या त्या माणसाइतकी कसर दुसऱ्या कुणाच्या बोटांना लागली असेल असे वाटत नाही.

दुसरी वाट गुजरातीतून जाते. तिकडे कंसारी नावाचा एक घरकिडा आहे. कुणी म्हणेल, चकाकतो म्हणून काशावरून कंसारी आणि त्यावरून आपली कसर. (कंसारि हे श्रीकृष्णाचेही नाव, पण देवाला यात ओढायला नको.) अडचण अशी की काशाचा 'का' मराठीत दीर्घच राहतो. कांस्यकाराचा कासार झाला, कसर नाही. शिवाय कंसारीची ख्याती चकाकण्याची नाही, किरकिरण्याची आहे. तेव्हा सगळे पाहता किड्याची कसर अरबी तुटीवरूनच आली असावी असे मला वाटते: जी लागली की वस्तूत उणे पडते ती. परिणामाचे नाव कर्त्याला देणे भाषेला नवे नाही. कीड लागते, वाळवी लागते, तशी कसर, म्हणजे तूटच, लागते.

उरली अंगातली. इथे मी तीन दिवस अडकलो. एक तर्क: ज्वर पूर्ण नाही, तुकड्याएवढा आहे, म्हणून कसर, ताप आणि निरोगीपणा यांच्यातला अपूर्णांक. दुसरा: मोडणे. ताप येण्याआधी आपले अंग मोडून येते, आणि उर्दूतही त्या दुखण्याला आज़ा-शिकनी, अवयव मोडणे, असेच म्हणतात. म्हणजे कस्रचा अगदी मूळ अर्थ अंगात टिकून राहिला. तिसरा मला सर्वांत आवडतो. अरबी-फारसीत कसल हा वेगळाच शब्द आहे. कसल म्हणजे आळस, मरगळ. कसलमंद म्हणजे ज्याला जरा बरे नाही असा. त्याच्या 'ल'चा 'र' होऊन तो आयत्या कसरीत मिसळला असेल काय? माधव जूलियनांचा 'फार्शी-मराठी कोश' 1925चा. कवीने केलेला कोश असल्यामुळे की काय, तो चाळताना असे घरोबे फार सुचतात. पण आत्या हे सगळे ऐकून म्हणाली असती, "अरे, अंग कसकसतं ना? मग?" खरेच, कसकस हा अस्सल अनुकरणवाचक शब्द शेजारीच उभा आहे, कणकणीचा जोडीदार. त्याला अरबस्तानात जायची गरज पडत नाही.

माझा कल असा की इथे एक शब्द नाहीच. कस्र आहे, बहुधा कसल आहे, कसकस आहे, आणि मराठी कानाने त्यांची मोळी बांधली. का बांधली असावी? कारण ही सगळी मंडळी एकाच ऋतूत घरी येतात. श्रावण-भाद्रपदात भिंती ओल धरतात, कागद मऊ पडतो, खळीला बुरशीचा वास येतो, पोरांच्या अंगात बारीक ताप रेंगाळतो आणि डब्यातले धान्य तळाला जाते. घरात कुठे ना कुठे काहीतरी उणे आहे, पण मोठे दुखणे नाही, अशा सगळ्याला एकच शब्द पुरला असणार.

या ऋतूचा उताराही पंचांगात दिसतो. आश्विनात मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन, मग पूजन. त्यासाठी पोथ्या बाहेर काढाव्या लागतात, फडकी सोडावी लागतात. जैन भांडारांत कार्तिक शुद्ध पंचमी ही ज्ञानपंचमी, त्या दिवशी हस्तलिखिते काढून पुसायची, पुन्हा बांधायची. भक्ती आहेच, पण पावसाळ्यानंतरची ही झडती कुणीतरी हिशोबाने नेमली असावी. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखक पोथीच्याच तोंडून विनवतो की मला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जप आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. कुठे आग, चोर आणि उंदीरही येतात. कसरीचे नाव मला त्यांत दिसले नाही. अरबी-फारसी लेखनिकांनी मात्र तिच्याशी थेट बोलणे लावले होते. पहिल्या पानावर 'या कबीकज' असा धावा लिहायचा. कबीकज ही मुळात एक विषारी वनस्पती. पुढे लोक तिला किड्यांचा राजा समजू लागले, आणि राजाचे नाव पाहून प्रजा पुस्तक सोडून जाईल अशी आशा धरू लागले. औषध विसरले, नाव उरले.

आत्याचे औषध मोरचूद होते. मयूरतुत्थ, मोराच्या रंगाचे तुत्थ. हिंदीत याच तुत्थाचे थोथा झाले, नीला थोथा. खळ शिजत आली की आत्या ते चिमूटभर टाकायची. सगळे गठ्ठे गच्चीवर चटईवर मांडल्यावर मला दिसले की जुन्या गठ्ठ्यांच्या सांध्यात फिकट हिरवट रेघ आहे आणि त्यांना एक ओरखडा नाही. खाल्लेले आहेत ते अलीकडचे तीनच. त्यांची पाठ चाटून पातळ झालेली, साडीची जर तेवढी उरलेली. बहिणीला विचारले. ती म्हणाली, "बंटू रांगायला लागला ना, दिसेल ते तोंडात घालायचा. आत्याने तेव्हापासून ते विष घरात आणणं बंद केलं."

दुसऱ्या दिवशी मी वेखंड आणायला निघालो. कपाटात वेखंडाचे तुकडे ठेवायचे, ही चाल घराघरांतली. त्याची संस्कृत नावे पाहिली की कोशकाराने मुद्दाम जुळवल्यासारखी वाटतात. एक नाव वचा, वाचेच्या आणि वाचण्याच्या दारातले. तान्ह्या बाळाला वाचा फुटावी म्हणून उगाळून चाटवतात तेच. दुसरे उग्रगंधा. तिसरे षड्ग्रंथा, म्हणजे सहा गाठींची. ग्रंथ म्हणजे मुळात गाठ, बांधणी. पाने ओवून गाठ मारली की ग्रंथ. पेरापेरांच्या त्या मुळीला सहा ग्रंथ आधीच लाभले आहेत. सर्दी-कसरीत पोरांच्या कपाळावर लेपही तिचाच, तेव्हा निघताना बहिणीने बजावले, "जरा जास्तच आण, थोडं सहाणेवर लागेल."

काष्ठौषधीच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने डबा काढता काढता विचारले, "कशासाठी हवंय?"

"कसर आहे," मी म्हणालो.

कुठली ते त्याने विचारले नाही. दोन पेरे जास्त टाकली आणि पुडी बांधली.