विकतचं वाण

भोगीच्या आदल्या दिवशी केदारखेड्याच्या बाजारात संक्रांतीचं सगळं वाण एकाच पिशवीत मिळतं: हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजरं, उसाची कांडी, ज्वारीचं कणीस. आजीच्या पिढीत यातलं फक्त सुगड बाहेरून यायचं; तेही कुंभाराला धान्य घालून. बाकीचं घरच्या रानातलं.

या वाणाला आपण ‘आपल्या मातीतलं’ म्हणतो. बोराला ते शोभतं. इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घरांतही बोराच्या बिया सापडल्या आहेत. तीळ हडप्पाकाळापासूनचा. पण भाकरीची बाजरी आणि हुरड्याची ज्वारी मूळच्या आफ्रिकेच्या. गाजर अफगाणिस्तानाकडचं. शेंगदाणा आणि मिरची तर कोलंबसानंतर अमेरिकेतून आलेली, म्हणजे भोगीच्या भाजीची आजची कृती चार-पाचशे वर्षांहून जुनी असूच शकत नाही. जवळचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. (भोगीशी नातं जोडायचा मोह आवरावा.) तिथल्या दात्यांची नावं सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत आणि तिथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पॉम्पेईतल्या मूर्तीची बहीण शोभते. बाहेरचं आपलंसं करणं या भागाला नवं नाही.

त्यामुळे ‘परकं’ पीक आलं म्हणून वाण विकत घ्यावं लागलं, हे मला पटत नाही. कारण पंचांगात नाही, पेरणीच्या वेळापत्रकात आहे.

१९६४ साली देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, आली. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली आणि जिल्हा बियाण्यांसाठी ओळखला जाऊ लागला. तरी संकरित ज्वारी मुख्यतः खरिपाची, दिवाळीच्या आसपास खळ्यावर येणारी. संक्रांतीला हिरवं कणीस देणारी रब्बीची मालदांडी आपल्या जागी टिकून होती. तिची जागा गेली ती कपाशीमुळे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि कपाशीचा पेरा वाढत गेला. जूनमध्ये लावलेली कपाशी डिसेंबर-जानेवारीपर्यंत रानात उभी राहते. रब्बी ज्वारी पेरायची सप्टेंबर-ऑक्टोबरात. एका रानात दोन्ही मावत नाहीत.

म्हणून बाजारात कणसं घेऊन बसते ती बहुधा कडब्यासाठी बांधाकडेला चार तासं ज्वारी राखलेली बाई. घाटे ती जुडीवर देते, कणीस मात्र नगावर. आणि घेणाऱ्यांत कपाशीवालेच जास्त.