कित्तूरचा डबा आणि ३६ महिने

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात तालुक्यातली दोन इंजिनिअर पोरं त्यांचा डबा दाखवायला आली होती. शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करायचा डबा. त्याला स्क्रीन होती, ॲप होतं, पाण्याचा हिशेब होता, आणि पुढे अजून काय काय घालायचं याची भली मोठी यादी. मी एकच विचारलं, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, व्होल्टेज वरखाली होत असताना हा किती दिवस चाललाय? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "सर, ते टेस्टिंग बाकी आहे."

मग त्यांना कित्तूरची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितोय.

१९८० साली आपल्या देशात टेलिफोन होते जेमतेम २५ लाख, आणि माणसं ७० कोटींच्या आसपास. आमच्या पिढीला ट्रंक कॉल आठवतो. नंबर बुक करायचा आणि पोस्टाच्या बाकावर बसून राहायचं. सरकारने मग फ्रान्सच्या अल्काटेल कंपनीशी करार केला आणि त्यांची ई-१०बी नावाची डिजिटल एक्स्चेंज बनवायचा कारखाना उत्तर प्रदेशात मनकापूरला काढला. यंत्र चांगलंच होतं. पण ते मोठ्या शहरासाठी होतं, आणि त्याला एअर कंडिशन खोली लागायची. आता सांगा, ज्या गावात बल्बच दिवसातून चार वेळा जातो, तिथे एसी कुठून आणायचा?

याच सुमारास सॅम पित्रोदा शिकागोहून आले. ओडिशातल्या तितलागडचा हा माणूस, अमेरिकेत टेलिफोन स्विचची स्वतःची कंपनी काढून विकून मोकळा झालेला. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट सुरू झालं. सरकारी पैशाचं, पण वागणं आजच्या स्टार्टअपसारखं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. पिटके यांच्याबरोबर याच विषयावर आधीपासून काम करणारी मंडळी त्यात आली, पोस्ट-तार खात्याच्या संशोधन केंद्रातली आली, आणि बाकी नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं-पोरी. वचन दिलं होतं ३६ महिन्यांचं आणि ३६ कोटींचं.

पहिला प्रश्न, आधी काय बनवायचं? मान मिळणार होता मोठ्या शहराच्या हजारो लाइनच्या एक्स्चेंजला. त्यांनी बाजारात आधी आणलं ते छोटं, १२८ पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज. रॅक्स म्हणायचे त्याला. घरातल्या फ्रिजएवढं कपाट.

आता यातली देवाणघेवाण बघा, मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. एसी नको म्हटलं की आतली उष्णता मुळातच कमी हवी. म्हणजे कमी वीज खाणारे भाग घ्यायचे आणि कार्डं अशी लावायची की गरम हवा आपोआप वर निघून जाईल. पंखा लावून भागलं असतं, पण पंखा धूळ ओढतो, आणि पंखा बंद पडला की सगळंच बंद. आणि धूळ, किडे आत जाऊ नयेत म्हणून कपाट बंद ठेवावं, तर उष्णता कोंडते. म्हणजे एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं. एका कपाटात किती लाइन बसवायच्या, यालाही मग आपोआप लगाम बसला.

दुसरी गोष्ट वापराची. पाश्चात्य देशांत घराघरात फोन, त्यामुळे एकेका लाइनवर बोलणं कमी. आपल्याकडे एका फोनवर अख्खी गल्ली. लाइन थोड्या, पण प्रत्येक लाइन सतत व्यस्त. एक्स्चेंज या ओझ्याचा हिशेब धरूनच बांधावं लागलं.

आणि एक हुशारी. १२८ पोर्टचा हा तुकडा एकटा चालतो, आणि असे चार जोडले की ५१२ पोर्टचं मॉड्यूल होतं. त्याच्यावर पुढचं मोठं यंत्र. गावासाठी केलेलं काम वाया जाणार नव्हतं.

जुलै १९८६ मध्ये पहिलं रॅक्स कित्तूरला लागलं. आपल्या बेळगाव जिल्ह्यातलं, राणी चन्नम्मांचं कित्तूर. यंत्र चाललं. पुढे त्याचं तंत्रज्ञान देशातल्या अनेक कारखान्यांना दिलं गेलं आणि खेड्याखेड्यात ही कपाटं पोहोचली. पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर रात्री दर उतरायची वाट बघत रांगेत उभे राहिलेले आपण सगळे, त्यातल्या कितीतरी जणांचा आवाज या कपाटांतून गेलाय. मी स्वतः सुरुवातीची कितीतरी वर्षं बातम्या बूथवरूनच दिल्या, एक डोळा मीटरच्या लाल आकड्यांवर ठेवून.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑगस्ट १९८७ ला ३६ महिने संपले तेव्हा मोठं एक्स्चेंज तयार नव्हतं. ते पुढे कितीतरी लांबलं. टीका झाली, आणि ती सगळीच जळफळाटातून आलेली नव्हती. शहरांत फोनसाठी वर्षानुवर्षं थांबलेले लोक होते, त्यांना कित्तूरचं कौतुक किती असणार? १९८९ ला दिल्लीत सरकार बदललं, नवे दूरसंचार मंत्री उन्नीकृष्णन आणि पित्रोदा यांचं जाहीर भांडण झालं.

माझं मत विचाराल तर यंत्राबाबतचे निर्णय बरोबर होते, वचन चुकलं. छोटं आणि मोठं, दोन्हींना एकच तारीख लावली. फक्त रॅक्सचं वचन दिलं असतं तर ते वेळेच्या आधीच पुरं झालं असतं. पण मग खेड्यातल्या १२८ पोर्टच्या कपाटासाठी दिल्लीने ३६ कोटी सोडले असते का? मला शंका आहे. मोठं स्वप्न दाखवल्याशिवाय पैसा निघत नाही, आणि दाखवलं की त्याचाच हिशेब मागतात. हा पेच त्या दोन पोरांनाही लवकरच पडणार आहे, कारण त्यांच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी पैसे देणाऱ्यांना दाखवण्यासाठीच होत्या, हे त्यांनी जाताना कबूल केलं.

काल त्यातल्या एकाचा फोन आला. स्क्रीन काढून टाकलीय. डबा सध्या त्याच्या मामाच्या विहिरीवर, पत्र्याखाली टांगलाय.

तुमच्या गावात डिजिटल एक्स्चेंज कधी आलं, आधी कसं होतं, आठवत असेल तर कमेंटमध्ये लिहा. जुन्या लाइनमन मंडळींनी तर जरूर लिहावं.