पदवीची शिडी

जून महिना उजाडला की धर्मग्रामातील आईबाप महाविद्यालयीन प्रवेशाचे कागद घेऊन आमच्याकडे येतात. कोणाला शिफारसपत्र हवे असते, कोणाला शुल्कासाठी साहाय्य. अलीकडे या भेटींत एक प्रश्न हटकून निघतो : "फादर, वाडीचा तुकडा विकून मुलाला शिकवू, पण त्या पदवीने त्याचे भले होईल ना?" प्रश्न वाडीचा असल्यामुळे केवळ धीर देऊन भागत नाही. इतिहासाची साक्ष काढावी लागते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. १८६२ साली पहिले बी. ए. बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८९३ साली रानडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि त्याच वर्षी भांडारकर विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांची विद्वत्ता थोर होतीच. परंतु काळही अनुकूल होता. राज्यकारभाराला इंग्रजी जाणणारी माणसे हवी होती आणि पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते. शिडीवर गर्दी नव्हती आणि वरचे दार उघडे होते.

गर्दी होण्यास फार काळ लागला नाही. आपल्याच समाजाचा दाखला घ्या. उत्तर कोकणातील मूळच्या कॅथलिकांनी १८८७ साली बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन करून 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. त्यामागे व्यवहारी कारण होते. गोवा व मंगळूरकडून आलेले ख्रिस्ती बांधवही पोर्तुगीज आडनावे लावीत आणि त्याच नोकऱ्यांसाठी अर्ज करीत. आपण कंपनी सरकारचे जुने प्रजाजन आहोत, हे स्थानिकांना वेगळे ठसवावयाचे होते. जागा थोड्या व उमेदवार फार, ही तक्रार आजची नव्हे.

शिडी भक्कम असूनही वरचे दार बंद असू शकते. धर्मांतरित पारशी धर्मोपदेशकाच्या कन्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. गुणवत्ता असूनही विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना स्त्री म्हणून नाकारण्यात आली. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ साली दिली. पदवी हाती पडली १९२२ साली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ साली बी. ए. झाले, कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९१७ साली बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. एवढ्या विद्येनंतरही त्या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. दोघांनीही विद्येची साथ सोडली नाही. तिच्याच बळावर ते बंद दारांशी झुंजले.

स्वातंत्र्यानंतर काही दारे पुन्हा उघडली. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, गावोगाव शाखा निघाल्या, त्यांना शिकलेले कर्मचारी लागले. १९९१ नंतर संगणकाच्या क्षेत्राने तीच भूमिका बजावली. वसईच्या ज्या घरांतील आजोबांनी केळीच्या व पानवेलीच्या वाड्या शिंपल्या, त्या घरांतील नातवंडे लोकलने मुंबईच्या कचेऱ्यांत जाऊ लागली.

आज काय स्थिती आहे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व मानव विकास संस्था यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतातील तरुण पदवीधरांत २९.१ टक्के बेकार होते; लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांत हेच प्रमाण ३.४ टक्के होते. म्हणून अक्षरशत्रू राहणे हिताचे, असा अर्थ कोणी काढू नये. गरिबाला रिकामे बसणे परवडत नाही. मिळेल ते काम तो पत्करतो. शिवाय पस्तिशी ओलांडलेल्या पदवीधरांत बेकारी पुष्कळच कमी आढळते. पदवी आजही वर नेते. मात्र उशिरा नेते आणि सर्वांना नेत नाही. दरम्यानची वर्षे कोणाच्या जिवावर काढावयाची, हा खरा प्रश्न आहे. ज्याच्या घरी साठवण आहे तो थांबू शकतो. ज्याने वाडी विकली आहे तो थांबू शकत नाही.

म्हणून आईबापांना आमचे सांगणे असे. मुलांना व मुलींना अवश्य शिकवा. परंतु प्रवेशापूर्वी त्याच अभ्यासक्रमातून गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेल्या मुलांना गाठा आणि ती आज कोठे आहेत ते विचारा. पदवीबरोबर हाताला एखादे कसब असू द्या. वाडी हा शेवटचा उपाय समजा; आधी शिष्यवृत्ती पाहा, कर्ज पाहा. १९१८ साली वसईच्या कॅथलिकांनी स्वतःची सहकारी पतसंस्था उभारली, तीच पुढे मोठी बँक झाली. ते संस्थापक जे जाणत होते ते आपण विसरू नये : शिडी चढणारा एकटा असतो, पण ती खाली कोणीतरी धरून ठेवावी लागते. पुढल्या जूनमध्ये कागद घेऊन येणाऱ्यांना केवळ शिफारसपत्र देऊन आम्हाला मोकळे होता येणार नाही. ती शिडी धरण्याचे काम धर्मग्राम म्हणून आपणा सर्वांचे आहे.