मनाच्या आजाराचा इलाज आणि १९८२ साल

आमच्या चाळीत कुणी असंबद्ध बडबडू लागला की म्हातारी माणसं म्हणत, ‘याला ठाण्याला न्यायची पाळी आली.’ ठाणे म्हणजे तिथले १९०१ सालचे वेड्यांचे इस्पितळ. मन बिघडले की वाटा दोनच, एक भगताकडे आणि दुसरी ठाण्याला. देशात तिसरी वाट कशी पडली, ते वाचून-विचारून जसे समजले तसे येथे मांडतो.

इंग्रजांनी १९१२ साली ‘लुनसी अ‍ॅक्ट’ केला. रोग्याला बरे करण्यापेक्षा त्याला कोंडून ठेवण्याचीच त्यात काळजी जास्त. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला, तेव्हा सबंध हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी खाटा सुमारे १० हजार. कोट्यवधी माणसं आणि दहा हजार खाटा! त्यातही आत गेलेल्याकडे घरचे पुन्हा फिरकत नसत, अशी उदाहरणे कितीतरी.

वेगळा विचार आम्हांस पहिल्यांदा दिसतो तो अमृतसरला. १९५० नंतरच्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी तिथल्या इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि रोग्यांच्या नातेवाइकांना सोबत राहायला बोलावले. माणूस औषधाने बरा होतो हे आई-बापांनी डोळ्यांनी पाहिले, आणि ते त्याला हाताला धरून घरी घेऊन गेले. एवढी साधी गोष्ट! पुढे १९७५ च्या सुमारास बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने जवळच्या सकलवारा गावात काम उभे केले. गावच्या आरोग्यसेवकाला नीट शिकवले तर तोही असा आजार ओळखतो, हे तिथे दिसून आले. यावरूनच ऑगस्ट १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम मंजूर झाला. इलाज इस्पितळाच्या भिंतीबाहेर काढून साध्या दवाखान्यात आणायचा, हा त्याचा गाभा.

आता हे साल बघा. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. अडीच लाख कामगार घरी बसले. आम्ही तेव्हा शाळकरी पोरं, गिरणीत लागलो ते नंतर. आमच्या मजल्यावर एक साचेवाला होता. संप लांबला तसा तो रात्री जिन्यात बसून दोन्ही हातांनी साचा चालवल्यासारखे करी. झोप नाही, जेवण नाही. बायकोने गळ्यातलं मोडून भगताला पैसे दिले. आम्ही पोरं त्याला ‘खटाखट’ म्हणून चिडवायचो, हे लिहितानाही लाज वाटते. शेवटी त्याला गावी नेले, तो परत दिसला नाही. ज्या वर्षी देशाने कागदावर हा इलाज मान्य केला, त्याच वर्षी आमच्या जिन्यापर्यंत त्याचा वाराही आला नाही.

कागद उतरायला वेळ लागला. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात १९८५ च्या सुमारास प्रयोग झाला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना शिकवले, मोजकी औषधे तिथेच ठेवली, रोग्यांची नोंद ठेवली. पुढे १९९६ साली सरकारने जिल्हा योजना काढली, ती सुरुवातीला चारच जिल्ह्यांत. आणि ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे पहाटे आग लागली. दर्ग्याजवळच्या खासगी आसऱ्यात साखळीने बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. मग सुप्रीम कोर्टाने दखल घेतली.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. माणसाला साखळीने बांधायला त्यात बंदी आहे. सरकारी इलाज मिळणे हा आता हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. जीव द्यायला निघालेला माणूस अतिशय ताणाखाली होता असेच धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही, हेही त्यात आले. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दर १०० प्रौढांमागे सुमारे १० जणांना असा आजार आढळला होता, आणि त्यांतल्या बहुतेकांना इलाज मिळालेला नव्हता.

ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची फोनसेवा सुरू आहे. नंबर १४४१६, फुकट, रात्री-अपरात्रीही. विहाराच्या फळ्यावर आम्ही तो खडूने लिहिला आहे. पोरं पुसतात, आम्ही परत लिहितो.